कथाखेळाची सामग्री : फुकट कोणती व कोणाची

गेल्या दोन वर्षांत आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांत एका नव्या खेळाचें बरेंच वेड शिरलें आहे. मधल्या सुटींत चारपांच मुलें झाडाखालीं वर्तुळ करून बसतात. एकजण बोलत असतो, बाकीचे मधूनमधून त्यास अडवितात, कोणी फांसा टाकतो, आणि मग एकतर टाळ्या पडतात किंवा सुस्कारे ऐकूं येतात. इंग्रजींत यास रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मराठींत त्यास अद्याप सर्वमान्य नांव नाहीं; म्हणून या लेखापुरतें आपण त्यास 'कथाखेळ' म्हणूं, तो चालविणाऱ्यास 'सूत्रधार' म्हणूं, आणि सूत्रधार जें प्रकरण आधीं रचून ठेवतो त्यास 'मोहीम' म्हणूं.

पुष्कळ पालकांनीं या खेळाविषयीं मजजवळ चौकशी केली. त्यांचे प्रश्न दोन : हा खेळ आहे तरी काय, आणि त्यास पैसे किती लागतात. विद्यार्थ्यांचा प्रश्न तिसराच असतो, तो असा कीं, इंटरनेटवर मोहिमा फुकट कोठें मिळतात? पहिल्या दोहोंचीं उत्तरें थोडक्यांत देऊन मी तिसऱ्याकडे वळतों. कारण बोलण्यासारखें खरें तेथेंच आहे.

हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रथम छापून निघाला. विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनीव्हा गांवचे गॅरी गायगॅक्स व मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि त्याचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. दोघेही टेबलावर लढायांचे खेळ खेळणाऱ्यांपैकीं होते, आणि त्या खेळांची परंपरा मागें प्रशियाच्या सैन्यापर्यंत जाऊन पोंचते. तेथें १८२४ सालीं राइसविट्झ नांवाच्या एका अधिकाऱ्यानें नकाशावर ठोकळे मांडून लढाईची तालीम करण्याची पद्धति सिद्ध केली, व दोन पक्षांमध्यें निवाडा करण्यास एक पंच बसविला. या अमेरिकन गृहस्थांनीं केलें तें इतकेंच कीं, खेळाडूच्या हातीं सबंध फलटण न देतां एकच माणूस दिला, आणि पंचास गोष्ट सांगावयास लावलें. सूत्रधार म्हणतो, "तुम्ही दाराशीं आलां आहां, फटींतून धूर येत आहे, आंत कोणी कण्हत आहे. काय कराल?" पुढचें खेळाडूंनीं सांगावयाचें, आणि जेथें यश अनिश्चित असेल तेथें फांशानें ठरवावयाचें. सारा खेळ एवढाच. त्यास पडदा लागत नाहीं, वीज लागत नाहीं, मैदानही लागत नाहीं.

कांहीं पालकांनीं असेंही विचारलें कीं, यांत भुतेंखेतें व मंत्रतंत्र असतात, तेव्हां मुलांच्या श्रद्धेवर त्याचा परिणाम होणार नाहीं काय? हीच भीति १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत इतकी पसरली होती कीं, या खेळाविरुद्ध पालकांच्या संघटना निघाल्या, आणि त्यामुळें मुलें सैतानाच्या नादीं लागतात असें उघडपणें बोललें जाऊं लागलें. पुढें चौकशी होत गेली तसतसा त्या आरोपांस आधार सांपडेना, व ती हाकाटी ओसरली. माझें मत विचाराल तर, हनुमानानें लंका जाळल्याची किंवा दाविदानें गल्याथास पाडल्याची गोष्ट ऐकून ज्या मुलांची झोंप मोडली नाहीं, त्यांस कागदावरल्या राक्षसापासून भय नाहीं. खरें भय वेळेचें आहे, आणि तें पतंगापासून क्रिकेटपर्यंत सर्वच खेळांत आहे.

आतां पैशाचें. या खेळाचीं मूळ पुस्तकें मोठीं, रंगीत व महाग असतात. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलाच्या आवांक्यांतील तीं नव्हत. पण तीं विकत घेण्याचें कारणच नाहीं. त्या खेळाचे मुख्य नियम, सुमारें चारशें पानांचे, खुद्द मालक कंपनीनेंच सर्वांस मोकळे करून दिले आहेत. 'बेसिक फँटसी' नांवाचा दुसरा एक खेळ तर नियमांचीं पुस्तकें व कित्येक मोहिमा यांसकट फुकट मिळतो. 'डंजन वर्ल्ड' म्हणून तिसरा आहे, त्याचाही मजकूर खुला आहे, आणि आमच्या मुलांस मी तो विशेषेंकरून सुचवितों. कारण त्यांतील मुख्य निवाड्यास ल्यूडोच्या डब्यांतले दोन साधे फांसे पुरतात. दोन्ही फांशांची बेरीज दहा किंवा अधिक आली तर काम फत्ते. सात ते नऊ आली तर काम होतें, पण कांहीं किंमत मोजून. सहा किंवा कमी आली तर सूत्रधाराची पाळी. दोन फांसे छत्तीस रीतींनीं पडूं शकतात. त्यांपैकीं सहा रीतींनीं पूर्ण यश येतें, पंधरांनीं अर्धें, आणि पंधरांनीं फजिती. मुलांनीं हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. संभाव्यतेचा धडा फळ्यावर चार दिवसांत जितका समजत नाहीं, तितका येथें एका दुपारींत समजतो.

फांसेही नसतील तर चिंचोके आहेत. चार चिंचोके फोडून त्यांच्या एकेक फांकी घ्याव्या व उधळाव्या, आणि पांढरी बाजू किती वर आल्या तें मोजावें. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असें धरलें तर सोळांपैकीं सहा वेळां दोन पांढरे येतील, चारचार वेळां एक व तीन, आणि शून्य किंवा चार मात्र एकेकदांच. आमच्या आजीबाई याच साधनानें सारीपाट खेळत, आणि त्यांस परदेशी वीस बाजूंच्या फांशाची उणीव कधीं भासली नाहीं.

असो. तिसऱ्या प्रश्नाकडे येतों. मोहिमा व त्यांची सामग्री फुकट कोठें मिळते? याचें उत्तर इतकें सोपें झालें आहे कीं, अडचण आतां कमतरतेची राहिली नसून विपुलतेची झाली आहे. तयार मोहिमा हव्या असतील तर २००९ सालीं सुरू झालेली 'वन पेज डंजन' नांवाची स्पर्धा पाहावी. तिचा नियम असा कीं, नकाशा, माहिती व सारें प्रकरण एकाच पानावर बसलें पाहिजे. आणि आलेल्या मोहिमा सर्वांस वांटण्यासाठीं मोकळ्या असतात. संक्षेप म्हणजे काय हें निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानें तेथें जाऊन शिकावें. चित्रें हवीं असतील तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें २०१७ सालीं आपल्या संग्रहांतील लक्षावधि वस्तूंचीं छायाचित्रें कोणत्याही अटीवांचून खुलीं केलीं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीनें २०१३ सालीं जुन्या ग्रंथांतील दहा लक्षांहून अधिक चित्रें अशींच मोकळीं सोडलीं. पुस्तकांसाठीं प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे. त्याचा आरंभ १९७१ सालीं मायकेल हार्ट या विद्यार्थ्यानें विद्यापीठाच्या संगणकावर एक दस्तऐवज हातानें टंकून केला, आणि आज तेथें सत्तर हजारांहून अधिक पुस्तकें आहेत.

परंतु 'फुकट' या शब्दाविषयीं आमच्या विद्यार्थ्यांची समजूत फार सैल आहे, आणि हा लेख लिहिण्यास मी प्रवृत्त झालों तो त्यामुळेंच. गेल्या अंकासाठीं एका गटानें आपल्या मोहिमेचा नकाशा आणून दिला. नकाशा अत्यंत सुंदर होता. मात्र खालच्या कोपऱ्यांत पूर्वीं कांहीं अक्षरें होतीं व तीं पुसून काढलीं आहेत, हें नुसत्या डोळ्यांनीं दिसत होतें. शोध करतां असें आढळलें कीं, नकाशा काढणाऱ्यानें तो वापरण्यास सर्वांस मुभाच दिली होती, आणि मोबदल्यांत फक्त आपलें नांव राहूं द्यावें इतकेंच मागितलें होतें. म्हणजे जी एक ओळ त्या मनुष्यास हवी होती, नेमकी तीच पुसण्यासाठीं या मुलांनीं अर्धा तास खर्च केला! वस्तु फुकट मिळाली होती. ती चोरण्याची कांहींच गरज नव्हती.

तेव्हां पाहण्यास फुकट निराळें, आणि वापरण्यास मोकळें निराळें. दुकानाच्या कांचेंतून पाहण्याचे पैसे पडत नाहींत, म्हणून आंतली वस्तु आपली होत नाहीं. जें खरोखर मोकळें केलेलें असतें त्यावर तसें लिहिलेलें असतें. २००१ सालीं स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनें त्यासाठीं कांहीं ठराविक परवाने तयार केले आहेत, आणि त्यांच्या अटी समजण्यास कठीण नाहींत. एकांत फक्त कर्त्याचें नांव द्या, एवढेंच असतें. दुसऱ्यांत, तुम्ही त्यांतून जें नवें कराल तेंही असेंच मोकळें सोडा, अशी जोडअट असते. कोठें विक्रीस मनाई असते, कोठें फेरफार करण्यास. हीं चार वाक्यें ज्यास पाठ आहेत त्यास बहुतेक ठिकाणीं अडखळावें लागणार नाहीं. ज्यावर कांहींच लिहिलेलें नाहीं तें मोकळें नाहीं, असें समजून चालावें.

अशा परवान्यांचें महत्त्व काय, हें या खेळाच्याच इतिहासांत २०२३ सालीं दिसून आलें. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट हिनें २००० सालीं एक परवाना काढून आपल्या नियमांवर इतरांस मोहिमा लिहिण्याची व विकण्याची मुभा दिली होती. तिच्या भरंवशावर बावीस वर्षें शेंकडों लहान प्रकाशकांनीं आपला उदरनिर्वाह उभारला. जानेवारी २०२३ मध्यें बातमी फुटली कीं, कंपनी तो जुना परवाना रद्द ठरवून नवा आणीत आहे, आणि त्यांत मोठ्या विक्रीवर आपला हिस्साही मागत आहे. खेळणाऱ्यांत असा संताप उसळला कीं, तो महिना संपण्यापूर्वींच, २७ जानेवारीस, कंपनीनें बेत सोडला. इतकेंच नव्हे, तर ते चारशें पानांचे नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखालीं देऊन टाकले. हा परवाना दिल्यावर परत घेतां येत नाहीं. मेहेरबानीनें मिळालेली मुभा आणि लेखी हक्क यांतील भेद समजावून सांगण्यास नागरिकशास्त्राच्या शिक्षकास यापेक्षां चांगलें उदाहरण क्वचित् मिळेल.

आमच्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याचा ग्रंथ सर्वांचा होतो. हरि नारायण आपटे १९१९ सालीं वारले. तेव्हां त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतून कोणीही मोहीम रचावी, कोणाची परवानगी लागत नाहीं. पण येथें एक नाजूक गोष्ट आहे. कायद्याचें देणें संपलें म्हणजे सारेंच देणें संपलें काय?

'ओल्ड डेक्कन डेज' नांवाचें पुस्तक १८६८ सालीं लंडनमध्यें छापलें गेलें व आज तें प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतें. मुखपृष्ठावर नांव आहे मेरी फ्रिअर यांचें. या मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कन्या. १८६५-६६ च्या हिवाळ्यांत त्या वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होत्या, आणि सोबत एक आया होती. तिचें नांव अन्ना लिबेराता दि सौझा. तिच्या घराण्यानें गोव्यांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. वाटेंत वेळ जाण्यासाठीं तिनें आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. फ्रिअरबाईंनीं त्या लिहून घेतल्या. बाईंनीं प्रामाणिकपणें अन्नाची जीवनकथा तिच्याच तोंडून घेऊन पुस्तकांत घातली आहे, हें त्यांस भूषणास्पद आहे. तरीपण पुस्तक ओळखलें जातें तें फ्रिअर या नांवानें. कायद्यानें आतां त्या पुस्तकावर कोणाचाच हक्क नाहीं. म्हणूनच मी विद्यार्थ्यांस सांगतों कीं, यांतील गोष्ट घेऊन खेळलांत तर अन्नाचें नांव अवश्य लिहा. कारण तें लिहावयास लावणारा कोणी उरलेला नाहीं.

आणि गोष्टी घेण्यासारख्या आहेतच. पहिलीच पाहा, पंचकिनची. पंचकिन हा जादूगार एका राजकन्येस कुत्रीचें रूप देऊन पळवून नेतो व बारा वर्षें आपल्या वाड्यांत कोंडून ठेवतो. तिला सोडवावयास आलेल्यांचे तो दगड करतो. त्याचा प्राण त्याच्या देहांत नाहीं. दूर एका निर्जन प्रदेशांत दाट रान आहे, रानांत ताडांचें एक वर्तुळ आहे, मध्यभागीं पाण्यानें भरलेल्या सहा घागरींची उतरंड आहे, तिच्या तळाशीं पिंजरा आहे व पिंजऱ्यांत एक लहानसा हिरवा पोपट आहे. सभोंवार हजारों जिन्न पहारा करितात. पोपट मेला कीं जादूगार मेला. तयार मोहिमा धुंडाळीत रात्र घालविणाऱ्या मुलांस मी विचारतों, यापेक्षां चांगला नकाशा तुम्हांस कोणी काढून दिला आहे काय?

मात्र गोष्ट ती मोहीम नव्हे, आणि येथेंच नवशिके सूत्रधार हमखास ठेंचाळतात. गोष्टींत राजकन्येचा मुलगा माळ्याच्या घरच्या मुलीचा वेष घेऊन वाड्यांत शिरतो. राजकन्या गोड बोलून जादूगाराकडून प्राणाचें गुपित काढते. वाटेंत मुलगा सर्पापासून गरुडाचीं पिलें वांचवितो, व तींच त्यास पाठीवर घेऊन जिन्नांच्या डोक्यावरून पोपटापर्यंत नेतात. गोष्टींत हें सारें घडणारच, कारण तसें सांगितलें आहे. खेळांत तसें कांहींएक ठरलेलें नसतें. तुमचे खेळाडू सर्पाकडे ढुंकूनही पाहणार नाहींत. एकजण तर खात्रीनें ताडांस आग लावण्याचें सुचवील. तेव्हां सूत्रधारानें 'पुढें काय होईल' हें लिहूं नये. 'आतां काय आहे' हें लिहावें. जादूगारास काय हवें आहे? बारा वर्षें राजकन्येनें लग्नास नकार दिला, तर तेराव्या वर्षीं तो काय करणार? जिन्न जागे कधीं, सुस्त कधीं? पोपटाचें गुपित राजकन्येखेरीज आणखी कोणास ठाऊक असूं शकेल? एखादा जुना नोकर, एखादी दगडावर कोरलेली खूण, घागरींत पाणी भरणारा कोणी? माहिती मिळण्याच्या निदान तीन वाटा ठेवल्या तर खेळाडू दोन चुकवितील व तिसरीवर येतील. एकच ठेवली तर तीच चुकवितील, आणि मग सूत्रधारास त्यांचें बखोट धरून ओढीत न्यावें लागेल. त्यांत कोणालाच गंमत नसते.

स्थळांसाठीं माझी शिफारस मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांची आहे. जेम्स कॅम्पबेल यांनीं संपादिलेले हे जाड खंड महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागानें इंटरनेटवर ठेवले आहेत. त्यांतील १८८३ चा नाशिकचा खंड उघडावा. १८१८ सालीं त्या बाजूचे गड पाहणाऱ्या कॅप्टन ब्रिग्ज यांचीं टिपणें त्यांत आलीं आहेत. पायऱ्या कशा, दारें किती, पाण्याचीं टाकीं कोठें, धान्य कोठें सांठवीत, चढावयास वाट एक कीं दोन, असें एकेका गडाविषयीं वाचावयास मिळतें. गड काबीज करूं पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेनें लिहिलेला मजकूर सूत्रधाराच्या अगदीं कामाचा असतो, कारण दोघांचे प्रश्न तेच असतात. आमच्या मुलांच्या मोहिमांत अद्याप बर्फाळ डोंगर, ओकचीं झाडें व मद्याच्या पिंपांनीं भरलेल्या खाणावळी फार. त्या नसाव्या असें मी म्हणत नाहीं. परक्या देशाची कल्पना करणें हाही खेळाचा भागच आहे. पण बर्फ न पाहिलेला मुलगा बर्फाविषयीं तीन वाक्यें बोलून थांबतो, आणि तोच मुलगा पावसाळ्यांत शेवाळलेल्या पायरीविषयीं बोलूं लागला म्हणजे त्यास आवरावें लागतें. ऐकणारेही पाय आंखडून बसतात.

शेवटीं यंत्रांविषयीं. एका कळीसरशीं भुयाराचा नकाशा, गांवचीं नांवें, खजिन्याची यादी काढून देणारीं साधनें इंटरनेटवर कधींचींच फुकट आहेत, आणि अडलेल्या सूत्रधारानें त्यांचा आधार घेण्यास हरकत नाहीं. यंत्र खोल्या देतें, दारें देतें, तिसऱ्या खोलींत चार उंदीरही देतें. उंदीर तेथें काय खातात, हें आपण ठरवावें लागतें. अलीकडे सबंध मोहीमच कृत्रिम बुद्धीकडून लिहवून घेण्याची प्रथा पडत आहे. यंदा मजकडे अशा तीन आल्या. तिहींत गांवचा प्रमुख चिंतातुर होता, तिहींत एक प्राचीन ताईत हरवला होता, आणि तिन्ही मोहिमांच्या कर्त्यांस 'हा ताईत कोणी केला?' एवढें विचारल्यावर ते एकमेकांकडे पाहूं लागले. सूत्रधारास खेळाडूंच्या अनपेक्षित प्रश्नास तात्काळ उत्तर द्यावें लागतें. ज्या मोहिमेंत त्यानें स्वतः दोन रात्री घालविल्या नाहींत, तिच्यांतून तें उत्तर निघत नाहीं.

पालकांस एक विनंती. मोकळी म्हणून ठेवलेली सर्वच सामग्री मुलांच्या वयास योग्य नसते. प्रौढांसाठीं लिहिलेल्या मोहिमाही त्याच कपाटांत असतात. पहिल्यांदां शोध करतांना मुलाजवळ बसावें, काय घ्यावयाचें तें ठरवून उतरवून किंवा छापून घ्यावें, आणि मग मोबाईल बाजूस ठेवून द्यावा. त्याचें काम तेथें संपतें.

पुढील सत्रांत दर शनिवारीं दुपारीं दोन तास वाचनालयाची मागची खोली या खेळासाठीं मोकळी राहील. फांसे शाळेचे आहेत. चिंचोके ज्याचे त्यानें आणावे. ज्यांस आपली मोहीम या अंकासाठीं द्यावयाची असेल त्यांनीं ती एका पानावर, शाईनें व सुवाच्य अक्षरांत लिहावी, आणि खालीं चार बोटें जागा कोरी सोडावी. नकाशा कोणाचा, नियम कोणाचे, गोष्ट कोणी सांगितली, तीं नांवें तेथें घालावयाचीं आहेत.